अहिराणीची सीमा : एक पुनर्विचार

ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात मराठी सातव्या खंडात (१९०५), तर खानदेशी म्हणजे अहिराणी भिल्ल भाषांसमवेत नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) आली. या मांडणीमुळे दोहोंमध्ये एकच निश्चित रेषा असल्याचा आभास होतो. बागलाणातील नामपूरकडच्या बोलीने तो टिकत नाही. 'माझा' याअर्थी 'मना' म्हणताना तिचा 'ना' गुजरातीच्या 'नो'शी नाते सांगतो; 'डोळा'चा 'डोया' करणारा बदल मात्र पूर्वेकडे वऱ्हाडीतही आढळतो. जर्मनीतही हेच दिसून आले. वेंकरने १८७६ मध्ये ऱ्हाइनप्रांतात पाहणी आरंभिली; पुढे नकाशांवर 'करणे'वाचक शब्दाची रेषा बेनराथपाशी, तर 'मी'ची उर्डिंगेनपाशी ऱ्हाइन ओलांडताना दिसली. वेंकरची वाक्ये गावोगावच्या शाळांत गेली. ग्रियर्सनची भिस्त मुख्यतः निवडक ठिकाणच्या नमुन्यांवर, विशेषतः उधळ्या पुत्राच्या दृष्टांताच्या भाषांतरांवर होती. अशा नमुन्यांवरून बोलीचे स्वरूप कळते, सीमा कळत नाही. म्हणून 'अहिराणी मराठीची बोली की स्वतंत्र भाषा' हा वाद खंडांच्या अनुक्रमावरून मिटवणे अशास्त्रीय होय. प्रत्येक लक्षणाची रेषा गावागणिक आखल्यावाचून त्या प्रश्नास उत्तर नाही. आणि ते आखणे मराठी अभ्यासकांचेच कर्तव्य आहे.