आज्ञापत्रांतील वृक्षप्रकरण व वनव्यवस्थेचे आराखडे

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारप्रकरणीं वृक्षतोडीसंबंधीं जो मजकूर आहे, तो राखीव वनांविषयीं लिहिणारांचा आवडता आधार होऊन बसला आहे. वनसंरक्षणाच्या भाषणांत व पुस्तिकांत तो शिवछत्रपतींचा हुकूम म्हणून सर्रास दिला जातो. साधनचिकित्सकांनीं या वापराकडे कानाडोळा करणें इष्ट नव्हे. कारण त्यांत दोन प्रमाद आहेत, व दुसऱ्याची झळ हयात रयतेस लागते.

पहिला प्रमाद कालाचा. महाराज इ. स. १६८० त निवर्तले, आज्ञापत्र इ. स. १७१५ च्या सुमारास कोल्हापुरकर संभाजीराजांच्या कारकीर्दींत लिहिलें गेलें. अमात्यांनीं महाराजांची राजनीति जवळून पाहिली होती, यास्तव तिचें प्रतिबिंब येथें मानण्यास हरकत नाहीं. परंतु प्रतिबिंब निराळें, खुद्द हुकूम निराळा.

दुसरा प्रमाद अर्थाचा. मजकूर साकल्यानें वाचला असतां वृक्षांचे वर्ग स्पष्ट दिसतात. आरमारास लागणारें सागादि लाकूड राज्यांतील अरण्यांतून हुजूरच्या परवानगीनें तोडावें. उणें पडल्यास परमुलखांतून खरेदी करावें. आंबे-फणस रयतेनें बहुत काल जोपासलेले, त्यांस हात लावूं नये. एखादें झाड जीर्ण झालें तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन न्यावें, बलात्कार करूं नये. दुर्गप्रकरणीं गडाची झाडी राखण्यास सांगितलें आहे, तें गडाच्या बचावासाठीं. म्हणजे आंबे-फणसांचा मजकूर रयतेचें झाड सरकारी माणसांपासून वांचविणारा आहे. रयतेस अरण्यांतून दूर ठेवण्यास त्याचा आधार घेणें म्हणजे त्याचा अर्थ उलटा करणें होय.

इंग्रजी अंमलांत १८७८ च्या वनकायद्यानें राखीव वनें, संरक्षित वनें व ग्रामवनें असे वर्ग केले. १९२७ च्या कायद्यानें ते कायम ठेविले. त्यांत ग्रामवन देखील सरकारनें हक्क सोंपविला तरच गांवाचें होतें. धन्याच्या राजीखुशीचें तत्त्व पुष्कळ उशिरां, २००६ सालीं, कायद्यांत आलें. वन्यजीव कायद्याच्या त्या वर्षीच्या दुरुस्तीनें व्याघ्रप्रकल्पाच्या आराखड्यांत रहिवाश्यांच्या उपजीविकेचें रक्षण व स्थलांतरास ग्रामसभेची संमति आवश्यक ठरली. मेळघाट हा १९७३-७४ तील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकीं एक. तेथील कोरकू गांवांस हें संरक्षण तीस वर्षांहून अधिक काळानें लाभलें. वनहक्क कायदाहि २००६ चाच. त्याअन्वयें गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवास २००९ सालीं सामूहिक हक्क मिळाला.

आराखड्याच्या प्रस्तावनेंत आज्ञापत्र घालणारांनीं त्याची कसोटी आपल्या आराखड्यासहि लावावी : धनी कोण मानिला, त्याची संमति कशी घेतली, मोबदला काय दिला? हीं तीन उत्तरें नसतील तर तो मजकूर तेथें शोभेपुरता आहे.

यांत संग्राहकांचेंहि कर्तव्य आहे. वनहक्काच्या २००८ च्या नियमांत जुन्या संस्थानांचे नकाशे, हक्कनोंदी व सवलतींचे कागद पुरावा म्हणून मान्य आहेत. आणि आदिवासीखेरीज इतर वननिवासी लोकांस तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची, वहिवाट दाखवावी लागते. चराई, सरपण, मध, हिरडा यांच्या सवलतींचे क्षुल्लक वाटणारे कागद राजकारणाच्या पत्रांपुढें बाजूस पडतात. ते कोणत्या गांवचे आहेत हें नोंदवून त्यांची यादी प्रसिद्ध करावी. त्यांतील एखाद्या चिठीवर एका गांवाचें रान अवलंबून असेल.