करड्या गोळ्याची उपेक्षा

२०२० सालच्या जानेवारीत अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रातील अलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या चित्रकारांनी कोरोना विषाणूचे एक चित्र तयार केले. करडा गोळा, त्यावर लाल काटे, मधूनमधून नारिंगी व पिवळे ठिपके. हे चित्र न पाहिलेला वाचक सापडणे कठीण. चित्र म्हणून ते प्रभावी आहे. न दिसणाऱ्या शत्रूला त्याने चेहरा दिला. आमची तक्रार आहे ती करड्या भागाबद्दल. तो दगडाचा किंवा सिमेंटचा वाटतो, आणि पाहणाऱ्याची नजर त्यावरून घसरून थेट लाल काट्यांवर जाते. या चित्राशेजारी शिकवण्यातले स्पष्टीकरणही ठरलेले असते: काटा म्हणजे किल्ली, पेशीवरचा ग्राहक म्हणजे कुलूप, किल्ली बसली की दार उघडले.

एका शिक्षक-शिबिरात आम्ही हेच सांगत असताना मागच्या रांगेतून प्रश्न आला, "मग साबणाने काय मोडते, किल्ली की कुलूप?" प्रश्न बिनतोड होता. मोडतो तो करडा गोळा. तो दगडी नाही, मेदाचा आहे. सुमारे ४ नॅनोमीटर जाडीचे, मेदरेणूंच्या दोन थरांचे ते पातळ पटल असते. साबणाचा रेणू या थरांत घुसतो आणि पटल विस्कटते. पोलिओच्या विषाणूला असे वेष्टन नाही, म्हणून तो साबणाला आणि अल्कोहोलला इतक्या सहज दाद देत नाही.

गंमत अशी, की हे वेष्टन विषाणूचे स्वतःचे नसते. मेद तयार करण्याची कृती त्याच्या जनुकांत नाही. पेशीतून बाहेर पडताना तो तिच्याच पटलाचा तुकडा पांघरून निघतो. फ्लू आणि एचआयव्हीचे विषाणू पेशीच्या बाह्यपटलातून, कोरोना विषाणू पेशीच्या आतल्या पटलांतून. ही उसनवारी सरसकटही नसते. एचआयव्हीच्या वेष्टनात कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोमायलिन यांचे प्रमाण पेशीपटलातील सरासरीपेक्षा जास्त आढळते.

आता दाराकडे येऊ. पेशीला दार नसतेच! आत शिरायचे तर विषाणूचे वेष्टन आणि पेशीचे पटल यांना एकजीव व्हावे लागते. आमटीवरचे दोन तेलाचे थेंब मिळून एक होतात, तसे काहीसे. (थेंब भरीव असतो, विषाणू आतून मेदाचा नसतो, उपमा इथपर्यंतच चालते.) काट्याचे प्रथिन आपले टोक पेशीपटलात खुपसते, मग केसांच्या पिनेसारखे दुमडते आणि दोन्ही पटलांना जवळ ओढते. मधले पाणी हटवावे लागते, आणि त्यालाच मोठी ऊर्जा लागते. आधी समोरासमोरचे बाहेरचे थर जुळतात, नंतर आतले. मग छिद्र पडते आणि विषाणूचे जनुकद्रव्य आत जाते. ओढण्याचे काम प्रथिनाचे, पण वाकायचे आहे मेदाला. ते वाकणे मेदरेणूंच्या आकारावर अवलंबून असते. शेपट्यांकडे रुंद असणारे रेणू पहिल्या जोडणीला मदत करतात, डोक्याकडे रुंद असणारे अडथळा आणतात.

हा निव्वळ तर्क नाही. एकच शेपटी असलेला लायसोलेसिथिन हा मेद बाहेरच्या थरात मिसळला, की फ्लूसह अनेक विषाणूंचे मीलन थांबते, असे १९९० च्या दशकातील प्रयोगांत दिसले. काटा शाबूत, पकड शाबूत, तरी प्रवेश नाही. किल्ली कुलपात बसली आणि दार मात्र उघडले नाही, याला त्या उपमेत उत्तर नाही.

त्याहून बोलका प्रयोग १९८४ चा. मार्गारेट कीलियन आणि आरी हेलेनियस यांनी सेमलिकी फॉरेस्ट विषाणू नुसत्या मेदाच्या कृत्रिम बुडबुड्यांत सोडला. बुडबुड्यांवर प्रथिन नाही, म्हणजे कुलूपच नाही. माध्यम आम्ल केल्यावर विषाणू त्यांच्याशी एकजीव झाला, पण अट एक: बुडबुड्यात कोलेस्टेरॉल हवे. २००६ साली महाराष्ट्रात ज्याने घरोघरी माणसे सांधे धरून बसवली, तो चिकुनगुन्या विषाणू याच विषाणूचा भाऊबंद.

काही विषाणू तर मेदाचाच वेष पांघरतात. फॉस्फॅटिडिलसेरिन हा मेद निरोगी पेशीत आतल्या थरात असतो. पेशी मरू लागली की तो बाहेर येतो, आणि भक्षक पेशी ती खूण ओळखून तिला गिळतात. हीच खूण अंगावर घेऊन व्हॅक्सिनिया विषाणू पेशीत शिरतो, हे २००८ साली दाखवले गेले. इबोला आणि डेंग्यूचे विषाणूही तिचा फायदा उठवतात.

कुलूप-किल्लीची उपमा टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. कोणता विषाणू कोणत्या पेशीला धरतो, हे ती नीट सांगते. पण धरणे आणि शिरणे या दोन गोष्टी आहेत, आणि चित्रातला करडा भाग दगडी राहिला की दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांपर्यंत पोचतच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० साली कोरोना विषाणूची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रे प्रसिद्ध केली. ७०-८० नॅनोमीटरचे ते फिकट, रंगहीन गोल फळ्याशेजारी लावावेत आणि फळ्यावर गोळा अर्धा कापून काढावा. दोन थर दाखवायला खडूच्या दोन रेघा पुरतात.

मेद उसना आहे, जनुकात नाही. मग उत्परिवर्तनाने तो बदलता येणार नाही, अशा आशेने औषधेही शोधली गेली. २०१० साली जाहीर झालेले एलजे००१ हे संयुग फ्लू, एचआयव्ही, इबोला अशा वेष्टनधारी विषाणूंना निकामी करी आणि पेशींना फारसे दुखवत नसे, कारण पेशी आपले पटल दुरुस्त करते, विषाणू करू शकत नाही. पुढे लक्षात आले, की ते प्रकाशातच काम करते: प्रकाश पडला की ऑक्सिजनचे क्रियाशील रूप तयार होते आणि ते मेदाला बिघडवते. शरीराच्या आत मात्र अंधार असतो.