अठरा तास आणि शंभरातले अठरा

चौदा एप्रिलला मी भाषण करतो. गेली वीस वर्षे करतो आहे. परळच्या चाळीतील एक खोली, रॉकेलचा दिवा, अठरा-अठरा तासांचा अभ्यास, कोलंबिया, लंडन, शेवटी पदव्यांची यादी. टाळ्या पडतात. मागे एकदा वसतिगृहातला एक मुलगा सभा संपल्यावर थांबला. म्हणाला, "सर, अठरा तास बसायची माझी तयारी आहे. पण शिष्यवृत्ती येते परीक्षा झाल्यावर, आणि खानावळवाला पैसे मागतो दर महिन्याला. बाबासाहेबांनी याचं काय सांगितलंय?"

मला उत्तर देता आले नाही. उत्तर नव्हते असे नाही. वीस वर्षांत मी ते कधी व्यासपीठावरून सांगितलेच नव्हते.

हा दोष माझ्या एकट्याचा नाही. आपली जयंतीगीते, आपल्या कविता, शालेय पुस्तकांतले धडे, सगळीकडे बाबासाहेब दिसतात ते विद्यार्थी म्हणून. शिक्षक बाबासाहेब आणि विधिमंडळात शिक्षणाचा हिशेब मागणारे बाबासाहेब तेथे क्वचितच भेटतात. चरित्रकारांना दोष देऊन भागणार नाही. चां. भ. खैरमोडे यांनी खंडामागून खंड लिहून तपशील गोळा केला. धनंजय कीरांनीही शिक्षणसंस्थांची हकीकत दिली. निवड आपण केली, आणि निवडताना चमत्कार तेवढा उचलला.

या चमत्काराचे राजकारण आपण ओळखले पाहिजे. एक असामान्य माणूस स्वतःच्या जिद्दीने वर आला, ही कथा प्रस्थापितांना फार सोयीची असते. कारण मग न शिकलेल्या प्रत्येकाचा दोष त्याच्याच माथी मारता येतो. ‘ते शिकले, तू का नाही?’ या प्रश्नातून व्यवस्था अलगद निसटते. ज्याने जन्मभर व्यवस्थेला जाब विचारला, त्याचेच चरित्र आपण व्यवस्थेच्या बचावासाठी वापरू देतो.

खुद्द चरित्र काय सांगते? वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. घरात अक्षर आले ते लष्कराने शाळा चालवल्या म्हणून. १९१३ साली कोलंबियाला जाता आले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीमुळे. तिची मुदत संपताच १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. जिद्द तीच होती, बुद्धी तीच होती, पैसा संपला. १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथे प्राध्यापकांच्या पाण्याच्या माठाला त्यांनी शिवू नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली. पगारातून पुंजी साठवून आणि शाहू महाराजांसारख्यांची मदत घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. शिक्षणाला पैसा लागतो, आणि पदवी मिळाली तरी जात सुटत नाही, हे दोन्ही धडे त्यांनी अंगावर घेतले होते.

म्हणूनच पुढचे काम समजते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ साली सोलापुरात वसतिगृह निघाले. चळवळीच्या आरंभीच खोली आणि जेवण यांची सोय!

१९२७ साली ते मुंबई विधिमंडळात गेले. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात शिक्षणाच्या खर्चावर त्यांनी केलेले भाषण महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या इंग्रजी खंडात आहे. प्रत्येक शिक्षकाने ते वाचावे. त्यात विभूतिपूजेला जागा नाही, आकडे आहेत. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात अठरा. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. सरकार शिक्षणावर दरडोई खर्च करते चौदा आणे, म्हणजे रुपयाहूनही कमी. आणि दारूवरील करातून दरडोई वसूल करते दोन रुपयांहून अधिक. त्यांची मागणी साधी होती: जेवढे दारूतून घेता, निदान तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा. महाविद्यालयांच्या खर्चाचा मोठा वाटा फीमधून काढला जातो, हा शिक्षणाचा व्यापार आहे, असेही त्यांनी बजावले. हे १९२७ साल आहे, हे पुन्हा सांगावे लागते.

आपण त्यांचे अठरा तास पाठ केले. त्यांनी मोजलेले शंभरातले अठरा विसरलो.

पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना १९४२ साली त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. बनारस आणि अलिगढ विद्यापीठांना सरकारी अनुदान मिळते, मग आमच्या मुलांना का नाही, हा त्यातला रोख होता. त्यानंतर वर्षाला तीन लाखांच्या शिष्यवृत्त्या मंजूर झाल्या. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले. तेथे सकाळी वर्ग भरत, कारण पोरांना दिवसा नोकरी करावी लागे. निजामी राजवट संपून दोन वर्षे होतात न होतात तोच, १९५० साली, औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय निघाले. म. ना. वानखडे, गंगाधर पानतावणे ही आपल्या साहित्यचळवळीची नावे या महाविद्यालयाशी जोडलेली आहेत. दलित साहित्य केवळ वेदनेतून जन्मले असे आपण लिहितो. वेदना तर हजारो वर्षांची होती. तिला लेखणी मिळाली त्यामागे वर्ग होते, ग्रंथालय होते, वसतिगृह होते.

आपल्या आत्मकथनांत वसतिगृह वारंवार येते. पातळ आमटी येते, भूक येते, अपमान येतो. पण त्या आमटीचे अनुदान कोणी, कोणाशी भांडून मिळवले, हा प्रश्न समीक्षकांनीही विचारला नाही. मीही विचारला नाही.

कोणी म्हणेल, त्या दिव्याच्या गोष्टीने लाखो मुले शिकली. खरे आहे. मीही त्यांतलाच एक. ती गोष्ट टाकून द्या असे मी म्हणत नाही. तिचा उरलेला अर्धा भाग सांगा, एवढेच म्हणतो. कारण पहिला अर्धा भाग मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणतो, आणि दुसरा अर्धा सरकारला ‘पैसे दे’ म्हणतो. नुसता पहिला सांगणारा शिक्षक नकळत सरकारची सुटका करतो.

त्या मुलाला नंतर मी ते १९२७चे भाषण मराठीत करून दिले. दोन दिवसांनी तो परत आला. म्हणाला, "सर, यांनी तर दारूच्या कराचाही हिशेब मांडलाय. आपण आपल्या शिष्यवृत्तीचा तरी मांडू." चार मुले मिळून त्यांनी अर्ज लिहिला: किती अर्ज गेले, किती मंजूर झाले, पैसे कोणत्या महिन्यात आले. पैसे लवकर आले असे मी सांगणार नाही. पण त्या अर्जात मला जे बाबासाहेब दिसले, ते माझ्या वीस भाषणांत नव्हते.

येत्या चौदा एप्रिलला पदव्यांची यादी मी वाचणार नाही. आकडे वाचीन. टाळ्या कमी पडतील, पडू द्या.