संख्याविशेषण आणि त्याचे विशेष्य : व्यापारी आकड्यांच्या प्रामाण्याची चिकित्सा

१

'या पत्राला पुष्कळ वाचक आहेत' असे कोणी म्हटले, तर 'पुष्कळ म्हणजे किती?' हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात तत्काळ उभा राहतो. 'या पत्राला सात कोटी वाचक आहेत' असे म्हटले म्हणजे मात्र प्रश्न संपल्यासारखे वाटते. वस्तुतः अधिक महत्त्वाचा प्रश्न अद्याप विचारलाच गेलेला नसतो. तो म्हणजे, 'वाचक कोणाला म्हणावयाचे?' मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर 'सात कोटी' हे संख्याविशेषण होय आणि 'वाचक' हे त्याचे विशेष्य. विशेषण कितीही नेमके असले तरी विशेष्य संदिग्ध असेल, तर सबंध पदसमूह संदिग्धच राहतो.

जाहिरातीचा पैसा कोठे खर्च करावा, कोणती शाखा बंद करावी, कोणत्या कर्मचाऱ्यास बढती द्यावी, हे निर्णय आता बहुतांशी आकड्यांच्या आधाराने घेतले जातात. या आकड्यांच्या विश्वासार्हतेचा प्रश्न संख्याशास्त्र्यांचा व हिशेबतपासनिसांचा मानला जातो. तो त्यांचा आहेच. तथापि त्याचा एक मोठा भाग भाषेचा आहे. व्यवसायातला प्रत्येक आकडा हे मूलतः एक विधान असते. त्या विधानाला कर्ता असतो, क्रियापद असते, काळ असतो आणि ते उच्चारणारा वक्ताही असतो. आकडा कोष्टकात बसला की ही सर्व अंगे गळून पडतात आणि केवळ विशेषण शिल्लक राहते. गळालेली अंगे पुन्हा भरून वाक्य पूर्ण करणे, ही निर्णयापूर्वीची पहिली परीक्षा होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. उघड खोट्या हिशेबांचा विचार येथे केलेला नाही. सत्यम कंपनीच्या ताळेबंदात अस्तित्वात नसलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँकशिल्लक दाखविली होती, हे जानेवारी २००९ मध्ये उघड झाले. असे असत्य सापडले की त्याविषयी वाद उरत नाही. जे आकडे प्रामाणिकपणे मोजले जातात आणि तरीही दिशाभूल करतात, त्यांचा प्रश्न अधिक बिकट आहे.

२

वृत्तपत्रांच्या व्यवसायात दोन प्रकारचे आकडे प्रचलित आहेत. पहिला खपाचा. १९४८ मध्ये स्थापन झालेली ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था तो प्रमाणित करते. येथे मोजावयाची वस्तू म्हणजे विकली गेलेली प्रत होय. प्रत ही दृश्य व गणनीय वस्तू असून तिच्यामागे कागदाची खरेदी, छपाई आणि विक्रेत्याचा हिशेब यांचा पुरावा असतो. दुसरा आकडा वाचकसंख्येचा. भारतीय वाचक पाहणी ही निवडक कुटुंबांतील माणसांना प्रश्न विचारून तो काढीत असे. येथे मोजावयाची वस्तू प्रत नसून वाचनाची क्रिया आहे आणि त्या क्रियेचा पुरावा म्हणजे माणसाची स्मृती.

क्रिया आली की काळ आलाच. 'मी हे पत्र वाचतो' या मराठी वाक्यातील वर्तमानकाळ बोलण्याच्या क्षणाचा नव्हे. तो रीतीचा, सवयीचा काळ आहे. बोलणारा रोज वाचत असेल किंवा न्हाव्याच्या दुकानात पंधरवड्यातून एकदा चाळत असेल, दोघांनाही हे वाक्य सारखेच शोभते. 'मी हे पत्र काल वाचले' हे विधान मात्र निराळे. त्यास तारीख आहे. २०१७ च्या पाहणीपासून दैनिकांच्या बाबतीत हे दोन्ही काळ शेजारीशेजारी मांडले गेले : गेल्या महिन्याभरात केव्हातरी वाचलेल्यांची 'एकूण वाचकसंख्या' आणि काल वाचलेल्यांची 'सरासरी अंकाची वाचकसंख्या'. २०१९ च्या पाहणीत 'दैनिक जागरण' या हिंदी पत्राचा पहिला आकडा सात कोटींहून अधिक, तर दुसरा दोन कोटींच्या आसपास होता. या दोहोंपैकी एकही आकडा खोटा नाही. दोहोंतील तिपटीहून अधिक अंतर हे क्रियापदाच्या काळाचे अंतर आहे. आज जाहिरात देणाऱ्या व्यापाऱ्याला उद्याच्या अंकाचा वाचक हवा असतो. त्याच्या दृष्टीने 'काल वाचले' हेच विधान उपयोगाचे. पत्राचे नाव कितीजणांस परिचित आहे हे ज्यास जाणावयाचे आहे, त्यास 'महिन्यात केव्हातरी' हे पुरेसे. यावरून असे दिसते की, आकडा विश्वासार्ह आहे काय हा प्रश्न 'कोणत्या निर्णयासाठी?' हे पद जोडल्याशिवाय पुरा होत नाही.

३

जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली २०१३ ची पाहणी विशेष वादग्रस्त ठरली. सुमारे २,३५,००० कुटुंबांच्या नमुन्यावर ती आधारलेली होती. तिच्याविरुद्ध प्रमुख वृत्तपत्रसमूहांनी जे संयुक्त निवेदन काढले, त्यातील एक उदाहरण नागपूरचे होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सुरू केलेल्या 'हितवाद' या इंग्रजी पत्राचा प्रमाणित खप साठ हजारांहून अधिक असताना पाहणीत त्यास एकही वाचक नसल्याचे दिसत होते. चेन्नईतून निघणाऱ्या 'हिंदू बिझनेस लाइन'चे वाचक चेन्नईपेक्षा मणिपुरात तिप्पट असल्याचेही याच निवेदनात निदर्शनास आणले होते.

येथे दोन वाक्यांतील भेद पाहिला पाहिजे. 'पाहणीत एकही वाचक आढळला नाही' आणि 'या पत्राला एकही वाचक नाही'. पहिल्या वाक्यात निषेध शोधाच्या क्रियेचा आहे, दुसऱ्यात वस्तूच्या अस्तित्वाचा. पाहणी करणाऱ्यास केवळ पहिले वाक्य उच्चारण्याचा अधिकार असतो, आणि कोष्टकातील शून्य मात्र दुसरे वाक्य बोलते. आपल्याकडील भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, परंतु त्यास योग्यतेची अट घातली : वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिच्या न दिसण्यावरून तिचा अभाव सिद्ध होतो. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही, असे म्हणता येत नाही.

ही योग्यता गणितानेही तपासता येते. २०११ च्या जनगणनेनुसार नागपूरची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. साठ हजारांपैकी निम्म्याच प्रती शहरात खपतात आणि प्रत्येक प्रत एकच माणूस वाचतो, असे अत्यंत कृपण गृहीत धरले, तरी दर ऐंशी माणसांत एक वाचक येतो. शहरातून यदृच्छया निवडलेल्या अवघ्या पाचशे जणांस विचारले, तर सुमारे सहा वाचक भेटावयास हवेत. एकही न भेटण्याची शक्यता हजारात दोन इतकीच राहते. तेव्हा खपाचा आकडा तरी मुळात चुकलेला असला पाहिजे, अथवा नमुन्याची निवड किंवा प्रश्नांची नोंद यांत तरी दोष असला पाहिजे. दोन्ही आकडे एकाच वेळी जसेच्या तसे खरे असणे जवळजवळ अशक्य आहे.

या प्रकरणाची दुसरी बाजूही न्यायाने नोंदविली पाहिजे. पाहणीवर आक्षेप घेणाऱ्यांत ज्यांची वाचकसंख्या घटली ती पत्रे होती, आणि अनुकूल आकडे जाहिरातीत मिरविण्याची प्रथा या व्यवसायात जुनी आहे. निष्कर्षांचा वापर काही काळ स्थगित ठेवण्यात आला आणि फेरतपासणीनंतर ते पुन्हा खुले करण्यात आले. आकडा अप्रिय आहे, एवढ्याने तो अप्रमाण ठरत नाही. अप्रिय आकड्याचीच परीक्षा करणारा मनुष्य परीक्षक नसून पक्षकार असतो. 'हितवाद'च्या उदाहरणाचे बळ तक्रारीच्या तीव्रतेत नसून दोन स्वतंत्र मापनांच्या विसंवादात आहे.

४

विशेष्याची संदिग्धता सर्वांत सहज लपते ती सरासरीत. सरासरी हा एक भागाकार असून त्यात दोन विशेष्ये असतात, एक भाज्याचे व एक भाजकाचे. ती परस्परांशी जुळली पाहिजेत. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुक कंपनीच्या बाबतीत जे उघड झाले, ते या दृष्टीने बोधप्रद आहे. चित्रफीत सरासरी किती वेळ पाहिली जाते, हा आकडा कंपनी जाहिरातदारांस सुमारे दोन वर्षे पुरवीत होती. चित्रफीत पाहण्यात सर्वांनी घालविलेला एकूण वेळ हा भाज्य होता. भाजकात मात्र तीन सेकंद किंवा अधिक काळ टिकलेली दर्शनेच धरली जात होती.

समजा, शंभर जणांसमोर चित्रफीत सुरू झाली. चाळीस जण दोन सेकंदांत निघून गेले व साठ जणांनी ती वीस सेकंद पाहिली. एकूण वेळ १,२८० सेकंद झाला. शंभरांनी भागले तर सरासरी १२.८ येते, साठांनी भागले तर २१.३. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, २१.३ ही टिकून राहिलेल्या साठ जणांचीही सरासरी नव्हे, कारण ती वीस आहे. हा आकडा कोणत्याही जनसमूहाचे वर्णन करीत नाही. एका वाक्याचा कर्ता दुसऱ्या वाक्याच्या क्रियापदास जोडावा, तसा हा प्रकार आहे. प्रत्यक्षातील फुगवटा साठ ते ऐंशी टक्क्यांचा असावा, असे एका मोठ्या जाहिरातसंस्थेस कंपनीकडून कळविण्यात आले. या मापनावर बिलाची आकारणी होत नव्हती, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु ज्यावर बिल नाही त्यावर निर्णय नाही, असे थोडेच आहे? लेखनापेक्षा चित्रफितींवर पैसा व माणसे खर्च करावी, असा कल त्याच काळात अमेरिकेतील अनेक वृत्तसंस्थांत दिसत होता. त्यास हा एकच आकडा कारण झाला असे सिद्ध झालेले नाही. तथापि त्या निर्णयांच्या वेळी जो पुरावा समोर होता त्यात हा होता, हे नाकारता येत नाही. जाहिरातदारांनी लावलेला दावा २०१९ मध्ये चार कोटी डॉलरांच्या तडजोडीने मिटला.

५

आतापर्यंतच्या उदाहरणांत मोजणारा चुकला किंवा त्याचा शब्द सैल राहिला. ज्याचे मोजमाप होते त्यालाच आकड्याची गरज असेल, तर निराळीच विकृती संभवते. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँक एका कुटुंबामागे किती खाती व सेवा आहेत हा आकडा आपल्या यशाचे लक्षण म्हणून भागधारकांपुढे मांडीत असे. प्रत्येक कुटुंबामागे आठ हे तिचे ध्येय होते. सप्टेंबर २०१६ मध्ये असे उघड झाले की, कर्मचाऱ्यांनी वीस लाखांच्या आसपास खाती व पतपत्रे ग्राहकांच्या संमतीवाचून उघडली असावीत. पुढील वर्षी हा अंदाज पस्तीस लाखांपर्यंत गेला. बँकेस प्रथम साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला आणि २०२० मध्ये तीनशे कोटी डॉलर भरून तिला प्रकरण मिटवावे लागले. प्रकरण उघड होण्यापूर्वीच्या काळात सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांनी नोकरी गमावली होती.

'ग्राहकाने खाते उघडले' आणि 'कर्मचाऱ्याने खाते उघडले' ही दोन्ही वाक्ये मराठीत कर्मणी प्रयोगाची आहेत. क्रियापद 'खाते' या कर्माशी जुळते, कर्त्याशी नव्हे. म्हणून कर्ता गाळला तरी 'खाते उघडले' हे व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य उरते. बँकेच्या कोष्टकात हेच गाळीव वाक्य लाखो वेळा नोंदले गेले. खाती उघडली होती हे खरेच होते. कोणी उघडली, एवढेच कोष्टक सांगत नव्हते, आणि आकड्याचा सारा अर्थ त्या गाळलेल्या पदात होता.

चार्ल्स गुडहार्ट या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंबंधी जो नियम सांगितला, त्याचे तात्पर्य असे की, एखादी सांख्यिकीय नियमितता नियंत्रणासाठी वापरू लागताच ती ढासळू लागते. या नियमाची एक भाषिक बाजू आहे. लक्षण हे लक्ष्य झाले म्हणजे शब्द तोच राहून त्याचा अर्थ पालटतो. 'खाते' या शब्दाचा अर्थ पूर्वी 'ग्राहकाच्या विश्वासाची खूण' असा होता. पुढे तो 'कर्मचाऱ्याच्या नोकरीची खूण' असा झाला. आलेख मात्र अखंड चालू राहिला, कारण आलेखाला अर्थपरिवर्तन दिसत नाही.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. प्रत्येक आकड्याची अशी चिरफाड करू लागल्यास व्यवहार चालावयाचा कसा? आक्षेप रास्त आहे. मीमांसकांच्या स्वतःप्रामाण्यवादाप्रमाणे ज्ञान हे बाधक पुरावा मिळेपर्यंत प्रमाणच मानावयाचे, आणि दैनंदिन व्यवहार बहुधा याच रीतीने चालतो. नैयायिकांच्या मते मात्र प्रामाण्य बाहेरून ठरते. प्रवृत्ती सफल झाली म्हणजे ज्ञान प्रमाण होते असे कळते. पाणी समजून पुढे गेलेल्याची तहान भागली, तर ते ज्ञान खरे. परंतु शाखा बंद करून किंवा पाच हजार माणसे काढून टाकून मग आकड्याचे प्रामाण्य ठरविणे, ही परीक्षा फार महाग आहे. तिची किंमतही बहुधा आकडा मांडणाऱ्यास द्यावी लागत नाही. म्हणून मोडता येण्याजोगे छोटे निर्णय पहिल्या रीतीने घ्यावेत. जे निर्णय फिरविता येत नाहीत, त्यांच्यापूर्वी मात्र बाह्य पडताळा हवाच.

असा पडताळा अशक्य नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या पाहण्यांत एकाच प्रदेशात दोन स्वतंत्र तुकड्यांकडून स्वतंत्र उपनमुने मोजवून घेण्याची पद्धत वापरली. दोहोंच्या उत्तरांतील अंतरावरून मापनाच्या चुकीचा अंदाज येतो. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही ती पद्धत आली. येथे सत्याचा दावा कोणीच करीत नाही. दोन साक्षी परस्परांस न विचारता बोलतात, एवढेच. खप आणि वाचकसंख्या यांनी नागपूरबाबत नकळत हेच काम केले.

या पडताळ्याच्याही आधी, आणि काहीही खर्च न करता, करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे आकड्याचे वाक्य पूर्ण करणे. कोणी, काय, केव्हा केले, कोणांपैकी, कोणी मोजले, आणि आकडा वाढल्याने त्याचा कोणता लाभ होतो? हे वाक्य ज्यास पुरे करता येत नाही, त्याने त्या आकड्यावर दुसऱ्याच्या उपजीविकेचा निर्णय घेऊ नये. संख्याशास्त्र विशेषणाची काळजी घेते. विशेष्याची काळजी घेणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम असून, आजवर त्याने ते आपले मानलेले नाही.