‘शोध लागला’ म्हणजे काय? : गॅमा किरण स्फोटांच्या नोंदी आणि आपले विज्ञानलेखन

प्रस्तावना :
‘शोध घेणे’, ‘शोध लागणे’ आणि ‘शोध लावणे’ या मराठीत तीन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीत प्रयत्न आहे, दुसरीत प्राप्ती आणि तिसरीत कर्तृत्व. खगोलविज्ञानाविषयी लिहिताना मात्र आपण पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर जाऊन उभे राहतो. ‘भारतीय उपग्रहाने स्फोट शोधला’ एवढे म्हटले की आपल्याला विषय संपला असे वाटते. प्रस्तुत लेखात ‘ॲस्ट्रोसॅट’च्या एका नोंदीच्या आधारे या सवयीची चिकित्सा करावयाची आहे.

नोंद आणि ओळख :
गॅमा किरण स्फोटाची पहिली नोंद १९६७ मध्ये अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांवर झाली. हे उपग्रह अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी सोडलेले होते. ही माहिती १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु हे स्फोट आपल्या आकाशगंगेतील की तिच्याबाहेरील, हा वाद पुढेही अनेक वर्षे चालला. सूर्यास्तानंतर संधिप्रकाश रेंगाळतो, तशी स्फोटानंतर मंदावत जाणारी दीप्ती, म्हणजेच पश्चदीप्ती, बेप्पोसॅक्स या उपग्रहाला २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटानंतर सापडली. त्याच वर्षी मे महिन्यातील दुसऱ्या एका स्फोटाच्या पश्चदीप्तीच्या वर्णपटावरून तो अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असल्याचे सिद्ध झाले. पहिली नोंद आणि ओळख यांच्यामध्ये तीस वर्षे गेली, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

ॲस्ट्रोसॅटचे सामर्थ्य व मर्यादा :
ॲस्ट्रोसॅटचे प्रक्षेपण २८ सप्टेंबर २०१५ रोजी झाले. त्यावरील कॅडमियम झिंक टेल्युराइड उपकरणाच्या उभारणीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची ‘आयुका’ यांचा मोठा वाटा आहे. उपकरण सुरू झाले त्याच दिवशी, ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, त्याने एक स्फोट नोंदविला. २०२२ मध्ये ही संख्या पाचशेवर पोहोचली. वस्तुतः हे उपकरण आकाशाच्या लहानशा भागाकडे रोखून पाहण्यासाठी रचलेले आहे. परंतु सुमारे १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा अधिक ऊर्जेच्या किरणांना त्याच्या बाजूच्या भिंती पारदर्शक ठरतात आणि त्यामुळे इतर दिशांचे स्फोटही त्यात उमटतात. म्हणजे स्फोट झाल्याचे व त्याची नेमकी वेळ कळते. स्थान मात्र अचूक कळत नाही. त्यासाठी इतर उपग्रहांची व दुर्बिणींची साथ लागते. केवळ संख्येचा गौरव करणाऱ्या लेखनात ही मर्यादा येत नाही. म्हणून त्या सामर्थ्याचे खरे मोलही उमगत नाही.

एका जोडीचे विघटन :
४ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन्ही शोधकांनी दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून आलेल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. हवाई बेटांवरील ‘ॲटलास’ दुर्बिणीला आकाशाच्या त्याच विस्तृत पट्ट्यात दुसऱ्या दिवशी एक मंदावत जाणारा प्रकाशस्रोत आढळला. कृष्णविवरांच्या मीलनाशी प्रकाशाचा संबंध जुळला असता तर ती असामान्य घटना ठरली असती. परंतु लहरींनंतर सुमारे २१ तासांनी झालेला एक गॅमा किरण स्फोट ॲस्ट्रोसॅटने नोंदविला होता. प्रकाश मंदावण्याच्या गतीवरून मागे हिशेब करता त्याचा आरंभ या स्फोटाच्या वेळेशी जुळला. खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांचाही या अभ्यासात उपयोग झाला. वरुण भालेराव व सहकाऱ्यांनी निष्कर्ष काढला की तो प्रकाश त्या स्फोटाची पश्चदीप्ती होती. गुरुत्वीय लहरींशी त्याचा संबंध नव्हता.

येथे शोध ‘लावला’ असे म्हणता येईल काय? एक आकर्षक जोडी मोडली, एवढेच घडले. तथापि ज्ञानाच्या दृष्टीने हे मोडणे जोडण्याइतकेच मोलाचे आहे. संख्येने विद्यार्थ्यांना स्फूर्ती मिळते, असा आक्षेप घेतला जाईल व तो अगदीच निराधार नाही. परंतु ‘हे त्यामुळे नव्हे’ असे पुराव्याने म्हणता येणे, ही शिकवण संख्येतून मिळत नाही.

निष्कर्ष :
हा प्रश्न नांदेड-लातूरच्या प्राध्यापकांना दूरचा नाही. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये खर्चासह मंजुरी दिली. दोनच शोधक असताना लहरींचे स्थान आकाशाच्या मोठ्या पट्ट्यात विखुरलेले राहते आणि अशा पट्ट्यात योगायोगाने दुसरा प्रकाश सापडण्याची शक्यता वाढते. २०१७ चा हा घोळ त्यातूनच उद्भवला. दूर अंतरावरील आणखी एक शोधक हा पट्टा अरुंद करील. उद्या औंढ्याहून वार्ता येऊ लागतील तेव्हा आपल्या वर्गातील विद्यार्थी विचारतील, ‘सर, शोध लागला का?’ त्या वेळी नोंद झाली, ओळख पटली की संबंध तपासून नाकारला गेला, हे निरनिराळे सांगता आले पाहिजे. त्यासाठी लागणारे शब्द मराठीत आधीपासूनच आहेत. ते काटेकोरपणे वापरण्याची जबाबदारी अध्यापकांची आहे.