ब्लँक न घेता घेतलेलं रीडिंग: हैदराबादची शर्यत आणि ८ कोटी ४० लाख डॉलर



पेपर वाचताना मोठा आकडा दिसला की आपण तो पटकन वहीत उतरवतो. तो कशातून आला, हे बघायचं राहून जातं. आज अशाच एका आकड्याची तपासणी करूया. हा आकडा एका शर्यतीचा आहे.

११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादमध्ये हुसेन सागरच्या काठावर फॉर्म्युला ई, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांची जागतिक शर्यत झाली. आपल्या नागपूरहून ४४ नंबरच्या हायवेने खाली गेलं की साधारण ५०० किलोमीटरवर. एनटीआर मार्ग, सचिवालयाचा परिसर असे बहुतांश रोजच्या वापरातले रस्ते बंद करून सुमारे २.८ किलोमीटरचं, १८ वळणांचं सर्किट केलं होतं. फ्रान्सचा ज्याँ-एरिक व्हर्न जिंकला.

दुसरी शर्यत १० फेब्रुवारी २०२४ ला ठरली होती. मध्ये राज्यात सरकार बदललं आणि जानेवारीत शर्यत रद्द झाली. तेलंगण सरकार करार पाळत नाही, असं फॉर्म्युला ईने जाहीर केलं. सोबत हेही सांगितलं की पहिल्या शर्यतीचा त्या भागावर जवळपास ८ कोटी ४० लाख डॉलरचा चांगला आर्थिक परिणाम झाला. रुपयांत हे सातशे कोटींच्या आसपास जातं. ऐकणारा म्हणेल, एवढा फायदा सोडला कशाला?

थांबा. आधी प्रयोगशाळेतली गोष्ट आठवा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर सॅम्पल लावायच्या आधी आपण ब्लँक घेतो. ब्लँक नसेल तर रीडिंगमध्ये सॅम्पलचं किती आणि सॉल्व्हंटचं किती, हे कळत नाही. इथला ब्लँक म्हणजे शर्यत झालीच नसती तर त्या दिवसांत शहरात किती खर्च झाला असता, तो आकडा.

नागपूरचं उदाहरण घ्या. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरतं, हॉटेलं फुल्ल होतात. त्या सगळ्या बिलांची बेरीज म्हणजे अधिवेशनाने शहराला दिलेला पैसा, असं म्हणता येईल का? नाही. त्यातल्या काही खोल्या लग्नाच्या वऱ्हाडाने घेतल्याच असत्या. काही पाहुण्यांनी गर्दी बघून येणंच पुढे ढकललं. शर्यतीचंही तसंच. हैदराबादच्याच माणसाने तिकिटावर खर्च केलेले पैसे एरवी त्याने सिनेमा किंवा बिर्याणीवर घातले असते. हा पैसा शहरात नवीन आला नाही, फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला.

खर्चाची बाजू वेगळीच. रस्ते बंद असताना वाहतुकीत अडकलेल्यांचे तास, धंदा बुडालेली दुकानं, बंदोबस्त, सरकारी पैसा. ‘परिणाम’ या शब्दात हे सहसा वजा केलेलं नसतं. म्हणजे आकडा खोटा असेलच असं नाही. तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असू शकतो. आणि तो सांगणारा पक्ष शर्यत भरवणारा आहे, हेही नोंदवायला हवं.

ब्लँकने किती फरक पडतो? १९९४ चा फुटबॉल वर्ल्डकप अमेरिकेत झाला. आधीचा अंदाज ४ अब्ज डॉलर फायद्याचा होता. बाडे आणि मॅथेसन या अर्थतज्ज्ञांनी नंतर यजमान शहरांची प्रत्यक्ष वाढ आणि एरवी अपेक्षित असलेली वाढ यांची तुलना केली. निघालं ते ५.५ ते ९.३ अब्ज डॉलरचं नुकसान! हाही अंदाजच आहे, पण ब्लँक घेऊन केलेला.

आता उलट बाजू. यावरून हैदराबादची शर्यत तोट्याचीच होती, असं सिद्ध होत नाही. ‘पैसा वाया गेला’ म्हणणाऱ्यांनीही आपला ब्लँक दाखवला पाहिजे. अमेरिकेचा निष्कर्ष उचलून हैदराबादला चिकटवणं हीसुद्धा तीच चूक.

उद्या असा प्रस्ताव कुठल्याही शहरापुढे येईल, आपल्याही. त्यात रस्ते लोकांचे असतील आणि पैसाही. म्हणून लिटरेचर रिव्ह्यू करताना प्रत्येक मोठ्या आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहा: कोणी मोजलं, कशाशी तुलना केली, काय वजा केलं. तिन्ही रकाने भरले नाहीत, तर तो आकडा ‘दावा’ म्हणून लिहा, ‘निष्कर्ष’ म्हणून नको.