निसर्ग-छायाचित्रातील भाव आणि उत्तरसंस्करण : नवी मुंबईच्या खाडीदृश्यांच्या संदर्भात

छायाचित्र टिपल्यानंतर संगणकावर त्याच्या उजेडात, रंगांत आणि पोतात जे फेरफार केले जातात, त्यांना येथे 'उत्तरसंस्करण' ही संज्ञा वापरली आहे. या फेरफारांविषयी छायाचित्रकारांच्या वर्तुळात दोन टोकांच्या भूमिका ऐकू येतात. एका मते संस्करण म्हणजे फसवणूक. दुसऱ्या मते संस्करणाखेरीज छायाचित्र ही कलाकृतीच होत नाही. दोन्ही भूमिका सोयीच्या आहेत, कारण त्या स्वीकारल्या की प्रत्यक्ष चित्राकडे पाहण्याची गरज उरत नाही. नवी मुंबईच्या किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत निसर्ग-छायाचित्राचा जो ठरीव साचा तयार झाला आहे, त्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार अधिक नेमकेपणाने करता येतो. साचा परिचित आहे : पुढे ठाणे खाडीचे उथळ पाणी, मध्ये रोहित पक्ष्यांचा थवा, मागे सीवूड्स-नेरूळचे मनोरे आणि वर केशरी-जांभळे आकाश.

संस्करणविरोधी भूमिकेत 'मूळ छायाचित्र' नावाची एक वस्तू गृहीत धरलेली असते. तांत्रिकदृष्ट्या अशी वस्तू दाखविता येत नाही. डिजिटल कॅमेऱ्याचा संवेदक प्रकाशाच्या तीव्रतेचे केवळ आकडे नोंदवितो. त्यांपासून रंगीत चित्र घडविताना उजेडाचा चढउतार, श्वेतसंतुलन आणि रंगांची घनता यांविषयी निर्णय घ्यावेच लागतात. जेपेग चित्रात ते कॅमेरा बनविणाऱ्याने आधीच घेतलेले असतात, रॉ फाइलमध्ये ते छायाचित्रकाराकडे सोपविलेले असतात, इतकाच फरक. पहाटेच्या निळसर उजेडात श्वेतसंतुलन स्वयंचलित ठेवल्यास कॅमेरा त्या निळेपणाला दोष समजून तो बऱ्याच अंशी पुसून टाकतो, आणि ज्या गारव्यासाठी माणूस भल्या पहाटे खाडीवर गेला तो गारवाच चित्रातून नाहीसा होतो. अशा वेळी निळी छटा परत आणणे म्हणजे यंत्राने परस्पर केलेली दुरुस्ती मागे घेणे होय.

इतिहासही याला दुजोरा देतो. 1850 च्या दशकातील कोलोडियन काचा निळ्या रंगाला अतिसंवेदनशील असल्याने समुद्र नीट उमटला की आकाश पांढरेफटक होई. फ्रान्समधील गुस्ताव ल ग्रे याने समुद्र व आकाश यांच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून आपली सागरदृश्ये सिद्ध केली. अमेरिकेतील ॲन्सेल ॲडम्स याने 1941 मध्ये हर्नांडेझ या खेड्यावरील चंद्रोदय टिपला आणि पुढे वर्षानुवर्षे त्याच निगेटिव्हवरून मुद्रिते काढताना आकाश अधिकाधिक काळे करत नेले. ॲडम्सने निगेटिव्हची तुलना स्वरलिपीशी आणि मुद्रिताची वादनाशी केली होती. एकच बंदिश वेगवेगळ्या गायकांकडून ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्याला ही तुलना समजावून सांगावी लागू नये. मुंबईत छायाचित्रण संस्था 1854 मध्येच स्थापन झाली होती, आणि 1932 च्या 'कॅमेरा पिक्टोरियलिस्ट्स ऑफ बॉम्बे' या मंडळाच्या नावातच छायाचित्राला चित्रकलेच्या पंक्तीला बसविण्याची आकांक्षा दिसते. पिक्टोरियलिस्ट परंपरेतील ब्रोमॉइल प्रक्रियेत तर कुंचल्याने शाई चढवून मुद्रित तयार होत असे.

संस्करण करावे की करू नये, हा प्रश्न त्यामुळे निकालात निघतो. ते कशाच्या सेवेत आहे, हा उरतो. येथे भारतीय साहित्यशास्त्र अनपेक्षितपणे उपयोगी पडते. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते असे भरत सांगतो. चंद्रोदय, मेघ, नदीकाठ यांची गणना पुढे उद्दीपन विभावात झाली. उद्दीपनाला आलंबन लागते. ज्याच्या ठायी भाव स्थिर व्हावा असे काहीच नसेल, तर चांदणे नुसतेच चांदणे राहते. निसर्ग-छायाचित्राची अडचण हीच आहे : त्यात माणूस बहुधा नसतो, आणि आलंबनाची ही उणीव उद्दीपन वाढवून भरून काढण्याचा मोह होतो. मग केशरी रंग आणखी केशरी होतो, ढगांच्या कडा कोरल्या जातात, चौकटीचे कोपरे काळवंडतात. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त दाखवून दिले आहे की रसाचे नाव उच्चारल्याने रस प्रतीत होत नाही. मम्मटाने पुढे स्वशब्दवाच्यता हा रसदोषच मानला. अतिसंस्कारित छायाचित्राचा दोष नेमका हा आहे. त्यात तपकिरी छटा 'स्मृती' असे म्हणते, काळे कोपरे 'गूढ' असे म्हणतात, जांभळे आकाश 'रम्य' असे म्हणते. तयार मिळणाऱ्या प्रीसेटना अनेकदा भावांचीच नावे दिलेली असतात, हा योगायोग नव्हे.

खाडीदृश्यांकडे या दृष्टीने पाहिले असता पहिली गोष्ट ध्यानात येते ती गुलाबी रंगाची. रोहित पक्ष्याचा गुलाबीपणा त्याच्या अन्नातील कॅरोटिनॉइड द्रव्यांतून येतो. लहान रोहित गडद असतो, मोठा रोहित लांबून जवळजवळ पांढरा दिसतो, आणि पिल्ले करडी-तपकिरी असतात. म्हणजे थव्यात वयांचा आणि जातींचा एक आलेखच रंगांतून उमटलेला असतो. गुलाबी रंगाची घनता सरसकट वाढविली की हा आलेख पुसला जातो आणि थवा एकजिनसी शोभेचा होतो. येथे गमावते ते पक्षिशास्त्रच नव्हे, चित्रही गमावते.

मागील मनोऱ्यांची गत निराळी नाही. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवादाबरोबर विरोधलयीला स्थान दिले. पाण्यात एका पायावर उभा पक्षी आणि त्याच्या डोक्यावरून चढत गेलेला काचेचा मनोरा यांच्यातील ताण हा या दृश्याचा खरा विषय आहे. संपूर्ण चौकटीवर एकच सोनेरी लेप चढविला की पक्षी आणि इमारत एकाच उबेत न्हाऊन निघतात, विरोध मिटतो, आणि शिल्लक राहते ते गृहसंकुलाच्या जाहिरातीला चालणारे चित्र.

धुरक्याचा प्रश्न यांहून अवघड आहे. 2015 मध्ये ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी लाइटरूममध्ये 'डीहेझ' ही सोय आली. हिवाळ्यातील सकाळी खाडीवर जो पांढुरका पडदा असतो त्यात पाण्याची वाफ असते, तशी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याची, रहदारीची आणि बांधकामांची धूळही असते. संगणकाला या दोहोंतला भेद कळत नाही. पडदा काढला तर पारसिकच्या डोंगरावरील दगडखाणींचे व्रण स्पष्ट दिसू लागतात, पण हवा मात्र होती त्याहून निर्मळ भासते. पडदा वाढविला तर प्रदूषणाचे धुक्यात रूपांतर होते आणि प्रेक्षक त्यालाच काव्यमय म्हणतो. छटा बदलणे क्षम्य आणि वस्तू बदलणे अक्षम्य, अशी जी सोपी विभागणी सहसा केली जाते ती येथे कोसळते, कारण या हवेत छटा हीच वस्तू आहे. 2022 मध्ये रामसर यादीत गेलेल्या या खाडीच्या काठावरील पाणथळींचे वाद न्यायालयांपर्यंत पोहोचले आहेत, आणि अशा वादांत छायाचित्र पुरावा म्हणूनही फिरते. भिंतीवर टांगलेले चित्र आणि अर्जाला जोडलेले चित्र एकाच फाइलमधून निघू शकते. छायाचित्रकाराने संस्करणाचे टप्पे सांगितले नाहीत तर दोहोंतला फरक कोणालाही ओळखता येणार नाही.

आकाश बदलण्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. फोटोशॉपने 2020 मध्ये ही क्रिया एका कळीवर आणून ठेवली. ल ग्रेचे जोडकाम माध्यमाच्या मर्यादेतून आले होते. ही मर्यादा आज उरलेली नाही. बहुतेकदा चोरी पाण्यातच पकडली जाते : वर सूर्यास्त पेटलेला असतो आणि पक्ष्यांच्या पोटाखालची सावली मात्र दुपारचीच असते. क्षेमेंद्राने यालाच अनौचित्य म्हटले असते.

याउलट संयमित संस्करणाने काय साधते हे पाहायचे तर खारघरच्या डोंगरांवरील जुलै महिन्याकडे वळावे लागते. पांडवकड्यावर ढग उतरलेले असताना उजेडाचा पल्ला अतिशय अरुंद असतो. सवयीचा हात तेथे काळे अधिक काळे, पांढरे अधिक पांढरे करतो आणि हिरव्याला विषारी बनवितो. जाणता छायाचित्रकार करड्याला करडेच ठेवतो, हिरव्याची घनता किंचित उतरवितो आणि पाण्याच्या धारेखेरीज कशालाही पूर्ण पांढरे होऊ देत नाही. दृश्य ओले वाटते. ओलेपणाचे नाव कोठेही घेतलेले नसते.

विमानतळासाठी सपाट केलेल्या उलवे टेकडीची जुनी छायाचित्रे या संदर्भात विशेष लक्षणीय ठरतात. 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालेल्या त्या विमानतळाच्या जागी एकेकाळी डोंगर होता, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते; आलंबन चित्राबाहेरून आलेले असते. अशा छायाचित्राला तपकिरी छटा दिली की ते भूतकाळाचे म्हणून बाजूला पडते. दुपारच्या सपाट उन्हात, कडा न कोरता, आहे त्या फिकट हिरव्या-पिवळ्या रंगांत ते तसेच ठेवले तर टेकडी आजच्यासारखीच समोर उभी राहते, आणि ती तेथे नाही हे मग पाहणाऱ्यालाच आठवावे लागते.